बाईंच्या आईचा गंधार

माझा कान तयार आहे, असं मला आठव्या वर्षी सांगण्यात आलं आणि पुढची साठ वर्षं मी ते विसरले नाही. नागपूरला गाणं शिकले, विशारद झाले, लग्न करून अमेरिकेत आले, मिनियापोलिसच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्ताच्या नळ्या तपासल्या. गाणं मागे पडलं, कान मात्र तसाच राहिला. कुणी सुराला जरा हललं की माझी भुवई वर जाते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली की नवरा माझ्याकडे न बघता पुटपुटतो, "भुवई खाली." कान त्याचाही चांगला आहे, पण तो चारचौघांत दाखवत नाही.

ह्या भुवईपायी मी एका बाईंच्या आईचं गाणं जवळजवळ संपवलं होतं. त्याचीच ही हकीगत.

बाई आमच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. उंच, कृष्णवर्णीय, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. अमेरिकेत सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, तशी मीही त्यांना मारायचे, पण मनात त्या बाईच होत्या, कारण शाळेतल्या गाण्याच्या बाईंसारखं नुसत्या नजरेनं माणसाला सरळ बसवणं त्यांना जमायचं. खिडकीच्या पलीकडे त्या दिवसभर गुणगुणायच्या. नोकरी सोडल्यावरही त्यांनी एक काम सोडलं नव्हतं. शहराच्या उत्तर भागातल्या एका चर्चचा गॉस्पेल कॉयर, म्हणजे ख्रिस्ती भजनं गाणारा ताफा, त्या चालवत. मी निवृत्त झाले त्या समारंभाला त्या मुद्दाम आल्या आणि केक खाताना म्हणाल्या, "डॉक, आता गुरुवारी संध्याकाळी काय करणार आहेस? ये की." मी डॉक्टर नाही. पांढरा कोट घालणाऱ्या प्रत्येकाला त्या डॉक म्हणायच्या.

खरं सांगायचं तर मी शिकायला गेलेच नव्हते. ह्या लोकांना थोडं सुराचं शास्त्र सांगावं, असा माझा परोपकारी विचार होता.

आम्ही राहतो त्या ईडन प्रेरी उपनगरातून निघालं की अर्ध्या तासात तिथे पोचता येतं, बर्फ नसेल तर. विटांची बसकी इमारत, एके काळी तिथे फर्निचरचं दुकान होतं म्हणे. तालीम तळघरात. दारात एक वेताची टोपली, तिच्यात प्रत्येकाने आपला फोन ठेवायचा. मी फोन ठेवला आणि पर्समधून वही काढली. बाई आल्या, वही माझ्या हातातून अलगद घेतली आणि फोनांवर ठेवली.

"इथे कागद नाही," त्या म्हणाल्या. "आधी चुकीचं गा. मग बरोबर गाशील."

कॉयर तीन आवाजांचा. वर बारीक आवाजाच्या सोप्रानो बायका, मधे जरा जाड आवाजाच्या आम्ही आल्टो, आणि सगळे पुरुष टेनर. बाई सोप्रानोंची ओळ गाऊन दाखवायच्या, त्या म्हणायच्या. मग आमची, मग पुरुषांची. चाळीस माणसं आणि कुणाच्याही हातात कागदाचा चिटोरा नाही. गाणं सुरू झालं की बाईंचे हात बोलायचे. बोट गोल फिरवलं की तीच ओळ पुन्हा, तळवा वर गेला की सगळ्यांनी एक पायरी वर चढायचं, मूठ मिटली की जिथे असाल तिथे थांबायचं. मी पहिल्या दिवशी टाळ्या दिल्या त्या इमानदारीत समेवर. सगळा कॉयर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवत होता आणि मी एकटी मधेच. बाई गाता गाता माझ्यासमोर आल्या, माझे दोन्ही हात एक मात्रा धरून ठेवले आणि सोडले. असं आठ-दहा वेळा केलं. कुणी हसलं नाही, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणखी एका गोष्टीची सवय व्हायला मला वर्ष लागलं. गाताना कुणाचा कंठ दाटला, शब्द अडकला, की आपण कसे अदबीने गप्प बसतो, नजर खाली घालतो. तिथे उलट. गाणारी अडखळली रे अडखळली की चारी बाजूंनी आवाज येतात, "टेक युअर टाइम! टेक युअर टाइम, बेबी!" पहिल्यांदा मला तो सरळ सरळ उद्धटपणा वाटला. नंतर कळलं की तिला ते एकटीला पडू देत नाहीत. कळलं, तरी माझ्या तोंडून आवाज कधी फुटला नाही. मी आपली ओठ मिटून उभी.

मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलंच, "काय गं, धर्मबिर्म बदलतेयस की काय?" मी म्हटलं, "अगं, माझा गुरुवारचा उपास अजून सुटला नाही, धर्म कुठला सुटतोय." तालमीनंतर तिथे सगळे एकत्र जेवायचे. माझा उपास आहे हे कळल्यावर बाईंनी माझ्यासाठी रताळ्याचा गोड पदार्थ आणायला सुरुवात केली. रताळं उपासाला चालतं. त्याच्याखालच्या मैद्याच्या पारीकडे आम्ही दोघींनी कानाडोळा केला.

कागद नाही म्हणजे नाही, हे मी मात्र पाळलं नाही. तालीम संपली की मी पार्किंगमध्ये गाडीत बसायचे, हीटर लावायचे आणि वहीत सगळं उतरवायचे. सारेगम, देवनागरीत, तिन्ही आवाज, मात्रांसकट. नागपूरच्या मास्तरांनाही वही चालत नसे. तेव्हाही मी घरी जाऊन लिहायचेच. लॅबमध्ये आमचा एकच धर्म होता, जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

दर वसंतात कॉयरचा वाढदिवस असायचा. त्या रविवारी बाई त्यांच्या आईचं गाणं गायच्या. ते आईने केलं होतं की तिच्या आईने, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आई दक्षिणेतून, कापसाच्या मुलखातून, तरुणपणी रेल्वेने वर आली. तिच्यासारख्या हजारो आल्या, शहरांतल्या लॉन्ड्र्यांत आणि परक्या स्वयंपाकघरांत कामाला लागल्या आणि येताना गाणी घेऊन आल्या. शब्द फार नव्हते. रस्ता लांब आहे, पाय दुखतात, पण मला घर दिसतं आहे. ओळ संपायची 'होम' ह्या शब्दावर. आधी बाई एकट्या ओळ गायच्या, मग आम्ही तिन्ही आवाज आपापल्या ओळींनी ती उचलून धरायचो. त्या वेळी तळघरात तालमीलासुद्धा माझ्या अंगावर काटा यायचा. हे गाणं कुणी रेकॉर्ड केलेलं बाईंना खपत नसे. "ते यंत्रातून शिकायचं नाही," एवढंच कारण.

फक्त त्या 'होम'वर माझी भुवई वर जायची. तिथे गंधार होता. बाईंचा गंधार शुद्ध लागायचा नाही आणि कोमलही नाही, दोन्हीच्या मधे कुठेतरी लटकायचा. मला वाटायचं, वय झालं बिचारीचं, सूर खाली येतो. वहीत लिहिताना मी तिथे स्वच्छ शुद्ध ग लिहिला. बाईंची चूक कागदावर कशाला ठेवायची? मला त्यात त्यांच्यावर उपकार केल्यासारखंच वाटलं होतं.

मग करोनाची साथ आली. कॉयर दोन वर्षं बंद राहिला. पुन्हा उघडला तेव्हा चाळीसाचे सतरा झाले होते. आम्हा जुन्या आल्टोंपैकी दोघी गेल्या, एक अटलांटाला मुलीकडे राहायला गेली, उरलेल्या गुडघ्यांमुळे जिने उतरेनाशा झाल्या. नवीन माणसं आली, त्यांना सोपी गाणी शिकवण्यातच वर्षं गेली. आईचं गाणं बाईंनी काढलं नाही. "माणसं भरू देत," म्हणायच्या.

माणसं भरली आणि बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची, साधीच, पण वाईट जागी. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि आवाजाच्या नसेला धक्का बसला. डॉक्टरांनी आधी बजावून ठेवलं होतं. आवाज वर्षभरात परत येईल किंवा येणार नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती, हवेत शब्द. कान तोंडाजवळ नेला तर त्या म्हणत होत्या, "आईचं गाणं माझ्याच गळ्यात होतं गं. मी फार वाट बघितली." मी त्यांचा हात धरून बसले. वही माझ्या पर्समध्येच होती. मला मनातून आनंद झाला होता. तो झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझं आयुष्यभराचं लिहून ठेवणं एकदाचं उपयोगी पडणार होतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, बाहेर उणे वीस असताना, बाई तालमीला आल्या. उंच स्टुलावर बसल्या आणि पाटीवर लिहून दाखवलं, वाढदिवसाला आईचं गाणं. तिघे म्हातारे टेनर होते, त्यांना आपली ओळ आठवत होती. सोप्रानोंपैकी दोघींना अर्धीमुर्धी. मुख्य ओळ कुणालाच नाही. ती फक्त बाई गायच्या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठले, वही काढली आणि म्हटलं, "माझ्याकडे आहे. सगळं आहे. मी लपून लिहिलंय, सॉरी."

बाईंनी वहीकडे पाहिलं. मला वाटलं आता टोपली. पण त्यांनी हातानेच खूण केली, गा.

मी गायले. साठ वर्षांची तयारी पणाला लावून गायले. 'होम'वर शुद्ध गंधार असा लावला की मास्तर असते तर मान डोलावली असती. ऑर्गनवाल्याने ओळभर साथ दिली आणि त्या शब्दावर हात काढून घेतले. हा माणूस आठवडाभर सिटी बस चालवतो, शनिवारी डाउनटाउनच्या क्लबात वाजवतो आणि रविवारी चर्चमध्ये. तो म्हणाला, "डॉक, छान आहे. पण हे तिच्या आईचं नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान पुढे केला.

"तू ते दुरुस्त केलंस," बाई म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाटी ओढली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. आई पहिल्यांदा ह्या शहरात आली तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांच्या मोठ्या चर्चमध्ये गेली होती. आपलीच माणसं, आपल्याच रंगाची. तिथल्या गाण्याच्या मास्तरांनी तिला ऐकलं आणि म्हणाले, आवाज चांगला आहे, सूर आम्ही ठीक करू. ती परत गेली नाही. तिच्यासारख्या न गेलेल्यांनी फर्निचरचं दुकान भाड्याने घेऊन हा कॉयर सुरू केला.

ते वाचून माझे कान लाल झाले. मी तिथे सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं, "बाई, मला वाटायचं तुम्ही बेसूर गाता. म्हणून मी नीट लिहिलं." मग बाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाजाशिवाय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळेच हसले. मी हसले नाही. मला रडायला येत होतं आणि मी रडले.

"मग तो सूर कुठला आहे?" मी ऑर्गनवाल्याला विचारलं. "वाजवून दाखवा ना."

त्याने दोन पट्ट्या दाखवल्या, एक पांढरी, एक काळी. "ह्यांच्या मधे. माझ्याकडे ती पट्टीच नाही. क्लबात लोक ह्याच सुरासाठी येतात. ह्या शहरात जे जे वाजतं ते ह्याच्यावर उभं आहे. मी शनिवारी तो उधार नेतो आणि रविवारी परत आणून ठेवतो." मी खजील झाले. पेटीत श्रुती सापडत नाहीत, हे वाक्य मी मंडळात किती तावातावाने लोकांना ऐकवलं होतं.

बाईंनी पुन्हा माझा कान ओढला. "आई त्या शब्दावर घरात शिरायची नाही," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यापर्यंत जायची. तिथेच उभी राहायची."

पुढचे सात आठवडे मी त्या उंबऱ्यावर काढले. बाई माझं मनगट धरायच्या, मी सूर लावला की दाबून खाली न्यायच्या, फार खाली गेले की वर उचलायच्या. कधी सापडायचा, पण सापडला म्हणून लक्ष दिलं की निसटायचा. माझा गळा पाळीव मांजरासारखा परत शुद्ध गंधारावर जाऊन बसायचा. घरी स्वयंपाक करताना मी तेच घोकत बसायचे. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "आज मुद्दाम बेसूर गातेयस का?"

"हो. आणि तेही नीट जमत नाहीये."

"चाळीस वर्षं ज्याला भुवया दाखवल्यास, तेच शिकतेयस म्हण ना," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात गेला.

मुख्य ओळ मी एकटीने गायची, असं काही जण म्हणाले. बाईंनी मान हलवली. कुणीच एकट्याने गायचं नाही, सगळ्यांनी मिळून गायची. मी सगळ्यांना ती शिकवली, वही न उघडता, तुकड्या-तुकड्याने. आणि प्रत्येक वेळी त्या शब्दावर आलो की मी म्हणायचे, "हे माझ्याकडून घेऊ नका, त्यांचा हात बघा."

वाढदिवसाच्या रविवारी चर्च भरलं होतं. नवराही आला, पहिल्यांदाच. मागच्या बाकावर कुर्ता घालून बसला, म्हणजे कार्यक्रम त्याच्या लेखी मोठा होता. आम्ही जांभळे झगे घालून डुलत आत आलो. शेवटी बाई उठल्या. ऑर्गन हळू सुरू झाला. रस्ता लांब आहे, पाय दुखतात. सतरा जणांवरून आम्ही आता एकोणतीस झालो होतो आणि ओळ एका आवाजात चढत होती. 'होम'च्या आधी बाईंनी मूठ मिटली.

हे तालमीत नव्हतं. आम्ही थांबलो. ऑर्गनही थांबला. बाई आमच्याकडे पाठ करून लोकांकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. नुसती हवा. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. क्षणभर सगळं चर्च गप्प, अगदी आपल्यासारखं.

"सावकाश, बाई! होऊ द्या सावकाश!"

कोण ओरडलं, म्हणून मी बघायला लागले, तर मीच. मराठीत. आणि लगेच सगळीकडून उठलं, टेक युअर टाइम, टेक युअर टाइम, मागच्या बाकांपासून पुढच्या बाकांपर्यंत, बाया उभ्या राहिल्या, कुणीतरी पाय आपटायला लागलं. बाईंनी डोळे मिटले. आवाज आला. फाटका, कागद चोळामोळा केल्यासारखा, एवढासा. पण जिथे यायचा तिथेच आला, दोन गंधारांच्या मधे, उंबऱ्यावर, आणि तिथे उभा राहिला. त्यांची मूठ उघडली आणि आम्ही सगळ्यांनी तो उचलला. त्या वेळी मी सूर शोधत नव्हते. माझं सगळं लक्ष त्या म्हाताऱ्या पाठीकडे होतं.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. ईडन प्रेरीच्या वळणावरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा नवऱ्याने खिडकीबाहेर बघत घसा साफ केला.

"त्या शेवटच्या शब्दावर," तो म्हणाला, "तुझा ग उतरला होता हं."

"खरंच?" मी म्हटलं. "नक्की? तुला ऐकू आला?"

"आला की. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. मला काही केल्या गाडी पुढे घेता येईना. नवऱ्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, "सावकाश."